आर्डिसचा कोपरा

"एकटीचा गट होत नाही, आर्डिस," शाळेच्या व्यायामशाळेत मधोमध उभं राहून मोजणी करणाऱ्या बेव्हने सांगितलं. "दुसऱ्या कोपऱ्यात जा, नाहीतर घरी."

"घरीच बसायचं असतं तर एवढ्या बर्फात आले असते का?" आर्डिस म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

आर्डिस माझी बायको. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायचा तर आमच्या आयोवात गुपचूप चिठ्ठी टाकून भागत नाही. आपल्या माणसाच्या कोपऱ्यात सगळ्या गावादेखत उभं राहावं लागतं. गट फार लहान भरला की मोडतो आणि त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं. सिनेटर हॅलोरनच्या कोपऱ्यात आर्डिस एकटी होती. मी होतो त्या, आमच्या गव्हर्नरबाईंच्या कोपऱ्यात गट टिकायला नेमकं एक माणूस कमी पडत होतं.

"मर्ल, समजाव की बायकोला," सगळे मला म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझं काही ऐकलं असेल, असा बिचाऱ्यांचा समज होता.

मी खाण्याच्या टेबलावरचा दालचिनीचा गोड रोल घेऊन तिला पटवायला गेलो.

"हा मीच केलाय," ती म्हणाली.

"अगं, चार पावलं चल फक्त. तुझा हॅलोरन पडल्यातच जमा आहे. त्याच्या सभेला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या."

"मीच मांडल्या होत्या."

"पण त्याने तुझं काम केलं का?"

हे बोलायला नको होतं. आर्डिसने सगळी नोकरी गावच्या इस्पितळात बाळंतपणं करण्यात घालवली. तो विभाग बंद पडला तेव्हापासून प्रचाराला येईल त्याला ती विचारायची, पुन्हा कधी उघडणार? सगळ्यांनी, आमच्या गव्हर्नरबाईंनीसुद्धा, तिचा हात हातात घेऊन "लवकरच" म्हटलं. हॅलोरन म्हणाला, "मला माहीत नाही. विचारून सांगतो." महिन्याभराने त्याचा खरंच फोन आला. नाही उघडणार, म्हणाला. त्या दिवशी ती पोटभर रडली.

"'नाही' सांगायला कोण फोन करतं, मर्ल?" ती आता म्हणाली. "मी त्याला शब्द दिलाय. नका मोजू मला."

मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. मी हात हलवत परतलो.

वेळ संपली. आमचाही गट मोडला. मंडळी माझ्या नावाने बोटं मोडत उरलेल्या दोन मोठ्या गटांकडे पांगली. दोन्हीकडून मला हाका येत होत्या. मी जाऊन आर्डिसशेजारी उभा राहिलो.

"इकडे कशाला आलास? दोघांचाही गट होत नाही."

"ठाऊक आहे."

बेव्ह माणसं मोजत आली, आमच्यापाशी जराशी थांबली आणि आम्हाला वगळून पुढे गेली.

आर्डिस थोडी सरकली आणि तिने मला जागा करून दिली. कोपरा अख्खा रिकामा होता.