शेवटच्या पंगतीतलं पान

नीलकंठ तुरुंगातून सुटून आला तेव्हा सदुसष्टचा गणपती आठ दिवसांवर होता. मी लग्न होऊन झाशीत आल्याला नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे आधीचा नीलकंठ मी पाहिलेला होता. झाशीतल्या नगरा वस्तीत आमच्या घरासमोरच तो आणि त्याची आई शारदाकाकू राहायचे. रेल्वेच्या कारखान्यात कारकून होता. एका भांडणात त्यानं एकाला ढकललं, तो माणूस जिन्यावरून पडला आणि गेला. नीलकंठनं कोर्टात काहीच नाकारलं नाही. सात वर्षं आत काढली.

झाशीत आम्ही मराठी माणसं मूठभर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि मुलांचं दोन्हींच्या मधलं काहीतरी. इतक्या थोड्या माणसांत एकाची मान खाली गेली की सगळ्यांनाच खाली बघावं लागतं. तरी माझे सासरे वामनराव यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की सरकारनं द्यायची ती शिक्षा दिली, आता आपण वरची द्यायची नाही. तुरुंगाचं नाव कुणी काढायचं नाही. सगळ्यांनी ते मनापासून मानलं. बापूरावांनी इलाइट चौराह्याजवळच्या आपल्या छापखान्यात त्याला काम देऊ केलं. कुणी सदरे शिवून पाठवले, कुणी काकूंचं गळकं छप्पर शाकारून दिलं.

आणि चूक झाली ती इथेच. ज्याला सगळी गल्ली निळ्या म्हणायची, तो नीलकंठजी झाला. तो आला की लोक खुर्ची पुढे करत, चालू असलेलं बोलणं थांबवत आणि उकाड्याबद्दल बोलायला लागत. पूर्वी आम्ही बायका त्याला चक्कीवर पिटाळायचो, गॅलरीतून ओरडून कोथिंबीर आणायला सांगायचो. आता त्याला कुणी काडीचं काम सांगेना.

चौथ्या दिवशी तो आईला म्हणाला, "आई, तिथला वॉर्डरसुद्धा मला अरेतुरे करायचा."

काकूंनी ते मला हसत सांगितलं आणि मग पदर डोळ्यांना लावला. त्यानं जायचं ठरवलं होतं. बरोबर सुटलेल्या एकानं कानपूरला काम बघितलं होतं. महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. काकूंचं वय सत्तरीच्या पुढे, त्या झाशी सोडणार नव्हत्या. सात वर्षं वाट पाहून मिळालेला मुलगा पंधरा दिवसांत पुन्हा जाणार होता, आणि ह्या वेळी कुणी नेत नव्हतं, तो आपणहून चालला होता.

आमच्या गणपतीच्या महाप्रसादाच्या तीन पंगती उठायच्या. पहिलीत पाहुणे, दुसरीत वडीलधारी आणि बाकीचे घरचे, आणि शेवटच्या पंगतीत वाढणारे. बाहेरच्या माणसाला वाटे, शेवटच्यांना उरलंसुरलं मिळतं, बिचारे. आम्हाला ठाऊक होतं की शेवटच्या पंगतीत बसायला नशीब लागतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मलाही रांगोळी घालून पहिल्या पंगतीत बसवलं होतं, आणि माहेरच्या आठवणीनं मला घास गिळवत नव्हता. दुसऱ्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, ऊठ, मीठ वाढायला घे. त्या दिवशी मी ह्या घरची झाले.

त्या सदुसष्टच्या महाप्रसादाला नीलकंठला पहिल्या पंगतीत, बापूरावांच्या शेजारी बसवलं. त्याच्या पत्रावळीभोवती सर्वांत मोठी रांगोळी होती. काढणारी मीच. चांगले दोन मोर आणि वेल काढली होती, मला अभिमानही वाटला होता. त्यानं ती पाहिली आणि त्याचं तोंड उतरलं. दोन घास खाऊन पंगत उठेपर्यंत नुसता भात चिवडत बसला.

हात धुवायला तो मागच्या अंगणात आला. तिथे मी भट्टीजवळ आमटी उपसत होते आणि जयसिंग लाकडं सारत होता. जयसिंग जवळच्या टहरौली गावचा, दर वर्षी भट्टी तोच सांभाळायचा.

"रांगोळी छान होती, वहिनी," नीलकंठ म्हणाला. "व्याह्यांच्या पानाभोवती काढतात तशी. सात वर्षांपूर्वी ह्याच अंगणात आमटीची बादली माझ्या हातात असायची."

माझ्या हातातला ओगराळा तसाच राहिला. पंधरा दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून ह्या माणसाला पाहुणा केला होता, आणि पाहुण्यानं जायचंच असतं. मी काही ठरवून बोलले नाही. बादली काठोकाठ भरली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"भाऊजी, दुसरी पंगत बसली आहे. आमटी निवतेय."

तो हलेना. जयसिंगनं मान वर केली. "भैया, कब लौं ठाड़े रैहो?" कुठवर उभा राहणार, असं आपल्या बुंदेलीत विचारून त्यानं पुन्हा लाकडात डोकं घातलं.

नीलकंठनं बाह्या सारल्या आणि बादली उचलली.

तो पंगतीत शिरला तसा गलका थांबला. चाळीसएक माणसं पानांवर बसलेली. एवढंच बघायचं होतं, की त्याच्या हातचं अन्न पानात घेतात, की पानावर हात आडवा धरतात. वामनराव दारात उभे होते. पहिलंच पान राधाबाईंचं. ऐंशीची म्हातारी, जिभेला धार अशी की भाजीवाले तिच्या दारावरून चोरपावलांनी जायचे. सासऱ्यांच्या शब्दाखातर तिनं पंधरा दिवस तोंड आवरलं होतं, आणि ते तिला एकादशीपेक्षा जड गेलं होतं.

नीलकंठनं वाकून ओगराळाभर आमटी वाढली. राधाबाईंनी द्रोणात पाहिलं, मग त्याच्याकडे.

"वरवरचं पाणी काय वाढतोस, मेल्या? बुडातलं घाल. तुरुंगात हात आखडला का तुझा?"

सगळ्यांच्या नजरा नीलकंठकडे वळल्या. मग नीलकंठच हसला. आधी नाकातून, मग पोटातून, इतका की बादली खाली टेकवावी लागली. अख्खी पंगत हसली, वामनरावही. आणि मग सगळीकडून सुरू झालं. निळ्या, इकडे ये. निळ्या, अरे भात कोरडा आहे. निळ्या, झोपलास का? तो धावत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. शारदाकाकूंनी तीनदा आमटी मागून घेतली. त्यांना आमटी कधीच आवडत नसे.

शेवटची पंगत तीन वाजता बसली. रांगोळी नव्हती, नीलकंठची पत्रावळ एका बाजूनं फाटलेली, बासुंदी संपलेली. भाताची खरवड आणि तळाची घट्ट आमटी तो पाच वेळा मागून जेवला.

दुसऱ्या दिवशी कानपूरची गाडी सुटली तेव्हा नीलकंठ अंगणात बसून राखेनं पातेली घासत होता. राधाबाईंनीच त्याला जुंपलं होतं.

त्यानंतर पस्तीस वर्षं आमटीची बादली त्याच्याकडे होती. आमच्यातलीच विजयालक्ष्मी मनाच्या आजारानं दोन वर्षं इस्पितळात राहून परत आली, तेव्हा तिला कोणत्या पंगतीत बसवायचं म्हणून बायका कुजबुजत होत्या. नीलकंठनं काही न बोलता तिच्या हातात कोशिंबिरीचं पातेलं दिलं आणि म्हणाला, माझ्यामागून चल. आता तो रिवाजच झाला आहे. दूर जाऊन आलेल्याला आम्ही पान मांडत नाही, भांडं देतो.

गेल्या वर्षी माझे गुडघे पाहून पोरींनी मला पहिल्या पंगतीत बसवलं. भोवती सुरेख रांगोळी, दोन मोर. मी रांगोळी न मोडता उठले आणि मिठाची वाटी मागून घेतली.