रितिकाच्या जागी

हुडकेश्वरच्या त्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ नव्हताच. तो रितिकाने उभा केला. पहिल्या वर्षाला असताना ती वर्गावर्गात फिरली, खो-खोच्या आणि कबड्डीच्या पोरी गोळा केल्या, काहींच्या घरी जाऊन त्यांच्या आयांची समजूत घातली. त्या मोसमात त्यांनी सात-सात गोल खाल्ले. दुसऱ्या वर्षी एक सामना कसाबसा बरोबरीत सुटला, तर पोरींनी चषक जिंकल्यासारखे समोसे वाटले.

तिसऱ्या वर्षी कन्हानहून चिन्मयी आली. कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी, भावांबरोबर खेळून तयार झालेली. डावा पाय असा, की बघत राहावं. पण चेंडू मिळाला की तिची मान खाली जायची.

"चेंडूकडे काहून पाहून राहिली वं?" रितिका म्हणायची. "तो कुठी पळून नाही जात. समोर पाह्य."

सराव संपला की बाकीच्या घरी जात, या दोघी मैदानावरच असत.

आणि त्या वर्षी जमलं. पहिला सामना जिंकला, दुसराही जिंकला. मैदानावर पेपर वाचत बसणारे क्रीडाशिक्षक धर्मेंद्र सर आता रेषेजवळ उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडू लागले. उपांत्य सामन्यात संघ एका गोलने पुढे होता. शेवटची काही मिनिटं उरली होती. एका साध्या चेंडूसाठी रितिका वळली आणि गुडघ्यात काहीतरी तुटल्याचं तिला ऐकू आलं. जवळपास कोणी नव्हतं. कोणी धक्का दिला असता तर निदान कोणावर रागावता तरी आलं असतं.

"ऑपरेशन लागेल," डॉक्टर म्हणाले.

"मग खेळता येईन ना तिले?" तिचे बाबा शालिकराम यांनी विचारलं.

"चालेल, फिरेल. खेळाचं आत्ता सांगता येत नाही."

रितिकाचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष होतं.

अंतिम सामन्याला ती मैदानाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. सर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या जागी कोणाला घेऊ?"

"चिन्मयीले मधात टाका, सर."

उत्तरार्धात चिन्मयीला चेंडू मिळाला. तिने मान वर केली, गोलकीपर किती पुढे आलीय ते पाहिलं आणि चेंडू तिच्या डोक्यावरून अलगद आत सोडला. तो एकच गोल झाला. शिट्टी वाजली तशा सगळ्या धावत खुर्चीकडे आल्या. चषक रितिकाच्या मांडीवर ठेवला, फोटो काढले. प्रत्येक फोटोत ती हसते आहे.

परतताना ऑटोत तिने डोळे मिटले.

"दुखून राहिलं का, बेटा?" बाबांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. गुडघ्याचंच समजू दे त्यांना, असं तिला वाटलं.

पुढे विद्यापीठाचा संघ निवडला गेला. त्यात चिन्मयीचं नाव आलं. ती बाहेरगावी स्पर्धेला निघाली तेव्हा रितिका कुबड्या घेऊन स्टेशनवर गेली. गाडी हलेपर्यंत ती कोपऱ्यातून कॉर्नर कसा घ्यायचा तेच सांगत होती. नंतर ऑपरेशन झालं. ती घरी पडून होती तेव्हा एका दुपारी मोबाइलवर निरोप आला. विद्यापीठ पहिल्याच सामन्यात हरलं होतं, चार गोलांनी.

ते वाचलं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं तिला हलकं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या लक्षात यायला एक क्षण लागला.

तिची आई प्रेमिला कणकेचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून आली, तेव्हा पोरगी उशीत तोंड खुपसून रडत होती.

"काय झालं वं? पाय दुखून राहिला का?"

"चिन्मयी हरली, आई. अन् मले बरं वाटलं."

आई पलंगाच्या कडेला टेकली.

"वाटते," ती म्हणाली. "माणसाले वाटते तसं."

"माह्यीच पोरगी हाये ते. मीच शिकवलं तिले."

"म्हणूनच तं रडून राहिली ना तू."

तेवढ्यात चिन्मयीचाच फोन आला. पलीकडे नुसते हुंदके.

"ताई, तू असती तं असं नसतं झालं."

हे कोणीतरी म्हणावं म्हणून रितिकाने किती दिवस वाट पाहिली होती. अंतिम सामन्यानंतर, त्या सगळ्या फोटोंच्या गर्दीत, एवढंच ऐकायला ती थांबली होती. आता ऐकलं, तर ते तिला नकोसं झालं.

"जेवली का तू?" तिने विचारलं.

"नाही."

"आधी जेव. मग सांग मले, पहिला गोल कसा झाला."

"आताच सांगते ना, ताई."

"बरं, सांग."

चिन्मयी रडत रडत सांगू लागली: कोण पुढे गेलं, कोण मागे राहिलं, पास कुठे चुकला. आईने रितिकाच्या पायाखाली उशी सरकवून दिली. रितिका डोळे मिटून ऐकत राहिली आणि मधूनमधून "मग?" म्हणत राहिली.