आबाजींचा अर्धा तास

आकांक्षा दिवसाला नऊ तास चाळीस मिनिटं मोबाईल पाहते, हा शोध तिच्या वडिलांनी लावला आणि लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खरं तर तो आकडा तिच्या फोनच्या सेटिंगमध्ये कधीचा निमूट बसून होता. पण गोपालरावांना तो एका रविवारी सापडला, आणि पिपरी मेघेच्या त्या घरात जणू साथ आल्यासारखी धावपळ सुरू झाली. दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती. आकांक्षाकडं वेळ भरपूर होता आणि गोपालरावांकडं उपदेश.

पहिला उपाय भाषणाचा. ते पाऊण तास चाललं. मध्ये गोपालरावांचा स्वतःचा फोन तीनदा वाजला, पण ते तिन्ही कॉल अर्थातच महत्त्वाचे होते.

दुसरा उपाय लोखंडी कपाटाचा. फोन कपाटात गेला, किल्ली गोपालरावांच्या खिशात गेली. आठवडाभरानं आकांक्षाच्या आईच्या, म्हणजे छायाच्या, फोनवर भराभर मेकअपच्या जाहिराती येऊ लागल्या, तेव्हा कुठं चोरी उघडकीला आली.

तिसरा उपाय घरचं वायफायच बंद करण्याचा. तो मात्र जालीम होता. पण त्याच संध्याकाळी क्रिकेटचा सामना निघाला आणि तिसऱ्या षटकात उपाय मागं घेण्यात आला.

मग छायालाच सुचलं. "माह्या बाबाच्या गावी पाठवू तिले. तिथं रेंजच नाई. मागं गेलतो तवा फोन लावायले हनुमानाच्या ओट्यावर चढा लागलं होतं, आठवते ना?"

गोपालरावांना आठवलं. ओट्यावर चढून तेच तर "हॅलो, हॅलो" करत होते. आष्टीपासून आठ-नऊ किलोमीटरवरचं ते गाव त्यांना एकदम आश्रमासारखं पवित्र वाटू लागलं. "निसर्गाच्या सान्निध्यात पोरगी सुधारते," ते म्हणाले. आकांक्षाला कुणी विचारलं नाही. रोग्याला विचारून औषध देतात का?

विचारलं असतं तर तिनं कदाचित खरं सांगितलं असतं. तिलाही कधीकधी वाटायचं, आज पुरे. पण पुरे म्हणायच्या आत पुढचा व्हिडिओ सुरू झालेला असायचा. शिवाय फोन खाली ठेवला की घरात एकच आवाज येई, "झाला का अभ्यास?" परीक्षा संपल्यावरही. त्यापेक्षा फोन बरा. तो निदान काही विचारत नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गोपालराव तिला एसटीनं घेऊन निघाले. गावाजवळ बस वळली, आणि शाळेच्या मागं एक लालपांढरा टॉवर उभा दिसला. नवाकोरा. आकांक्षानं हळूच फोन पाहिला. पाचही दांड्या भरलेल्या. घरी कधी चार दिसल्या नव्हत्या. तिनं वडिलांकडं पाहिलं. गोपालराव खिडकीतून दुसरीकडं बघत होते.

परत फिरावं तर पोरीची बॅग भरलेली, आपली रजा टाकलेली, आणि ग्रुपवर निसर्गाची घोषणा झालेली. म्हणून त्यांनी आकांक्षाचा फोन सासऱ्यांच्या हातात दिला. "अण्णाजी, दिवसातून फक्त अर्धा तास देजा. जास्त नाही."

सत्तरी ओलांडलेल्या अण्णाजींनी तो पैरणीच्या खिशात टाकला. "काही चिंता नोका करू, जावईबापू. म्या बैल वेसणीत ठेवले, हे तं एवढूसं यंत्र."

गोपालराव निर्धास्त होऊन परतले.

अण्णाजी घरात एकटेच असत. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मागं संत्र्याची बाग होती. बागेत वर्षानुवर्षं काम करणारी रामबाई सकाळी येई, भाकरी टाके, बाग पाही आणि उन्हं उतरल्यावर घरी जाई. ती बोलायची कमी, पण बोलली की ऐकणाऱ्याला दिवसभर पुरायचं.

दुसऱ्या दिवशी आकांक्षानं डाव टाकला. आबाजींना, म्हणजे आजोबांना, गोडी लावली की अर्ध्या तासाचा तास होईल, तासाचे दोन होतील, असा तिचा हिशेब.

"आबाजी, शंकरपट दाखवू का तुमाले?"

"कुठी भरला पट?"

"याच्यात."

अण्णाजींनी फोन हातभर लांब धरला. बैलजोडी सुटली, धुराळा उडाला, आणि अण्णाजी खाटेवरून अर्धे उठले. तरुणपणी त्यांनी स्वतःची जोडी पटात पळवली होती. "अबे, कासरा ढिला सोड!" ते फोनमधल्या हाकणाऱ्याला ओरडले. त्यानं ऐकलं नाही.

"आता बोट असं वर सरकवा. दुसरी जोडी येते."

"आन् मंग?"

"मंग तिसरी. येतच राहते."

अण्णाजींनी बोट सरकवलं. जोडी आली. पुन्हा सरकवलं, पुन्हा आली. अर्धा तास झाला. तास झाला.

"आबाजी, माझा अर्धा तास."

"थांब ना माय. हे एवढी जोडी होऊ दे."

त्या दिवशी पुष्कळ जोड्या झाल्या. आकांक्षाच्या वाट्याला एकही मिनिट आलं नाही.

पुढच्या चार दिवसांत अण्णाजींनी जी प्रगती केली ती पाहून कुठल्याही कॉलेजातल्या पोरानं तोंडात बोट घातलं असतं. आंघोळ दुपारवर गेली. चहा हातातल्या हातात गार होऊ लागला. खाटेपर्यंत चार्जरची वायर पुरत नाही म्हणून त्यांनी खाटच बोर्डाजवळ ओढली. एका दुपारी रामबाईनं ताट वाढलं आणि समोर उभी राहिली.

"अण्णाजी, भाजी कशी झाली?"

"हं."

"मीठ बराबर आहे ना?"

"हं. मस्त."

रामबाईनं आकांक्षाकडं पाहिलं. "मीठ टाकलंच नाई म्या," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आकांक्षाला बागेत नेलं. "त्याले सांगून काही फायदा नाई. तो पटात आहे. तू चाल." ठिबकचं पाणी खालच्या बागेतून वरच्या बागेत वळवायला वाल, म्हणजे नळाची चावी, हातानंच बदलावा लागे, आणि ते काम अण्णाजी दुसऱ्या कुणाला करू देत नसत, रामबाईलाही नाही. चार दिवस वाल बदललाच नव्हता. खालची झाडं चिखलात उभी होती. वरच्या बागेत माती तडकली होती आणि प्रत्येक झाडाखाली बोराएवढी हिरवी फळं पडली होती. आकांक्षानं एक उचललं. ते उन्हानं गरम झालं होतं.

ती पळत घरी आली. "आबाजी, वरच्या बागेत फळ गळून राह्यलं!"

"हाव. जातो ना. दहा मिनिट."

"काय करून राह्यले तुम्ही?"

"बाजारभाव पाहून राह्यलो."

बाजारभावातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

आकांक्षाला हसू फुटलं, आणि अर्ध्यावरच थांबलं. दहा मिनिटं. हे तिचंच वाक्य. घरी आईला "केमिस्ट्रीचा व्हिडिओ आहे" म्हणताना आपला चेहरा असाच दिसत असणार, डोळे खाली आणि आवाज उगाच जड, हे तिला पहिल्यांदा समोरून दिसलं. चांगलं दिसत नव्हतं.

मग तिनं तेच केलं जे तिच्या घराण्यात करतात. फोन हिसकावला आणि भाषण दिलं. वेळेची किंमत, डोळ्यांचं आरोग्य, शिस्त. वडिलांचे शब्द तिला तोंडपाठ होते. फोन रामबाईच्या ताब्यात गेला. परिणामही तोच झाला. अण्णाजी रुसले, जेवले नाहीत, वाल मात्र रागारागानं बदलून आले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुटाराच्या ढिगामागं, अंगावर भुसा घेऊन, सत्तरीतला हा गृहस्थ चोरून बैल पाहताना सापडला.

"डाळीच्या डब्यात होता न मी ठेवलेला," रामबाई म्हणाली. "हुडकला बरोबर. डाळ कुठी असते हे पन्नास वर्षांत माहीत नोतं याले."

आकांक्षा कुटारातच आजोबांच्या बाजूला बसली. अण्णाजींनी फोन पालथा ठेवला.

"आबाजी, हे बंद काऊन होत नाई तुमच्यानं?"

अण्णाजींनी बाहीवरचा भुसा झटकला. "तुझी आजी गेल्यापासून दुपार लय लांब झाली वं. सकाळी काम असते. संध्याकाळी कोणी ना कोणी पारावर भेटते. दुपारीच घर खायले उठते. यात दुपार कवा सरली, समजतच नाई."

"मले बी," आकांक्षा म्हणाली. मग तिनं पौर्णिमाचं सांगितलं. पौर्णिमा तिची बाकावरची मैत्रीण. नववीनंतर वडिलांची बदली झाली आणि ती अमरावतीला गेली. वर्षभर मधल्या सुट्टीत आकांक्षा एकटीच डबा खात होती. हे तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथं भाषणातून जागाच मिळत नसे.

"मंग फोन केला नाई तिले?"

नऊ तास चाळीस मिनिटं हातात फोन होता, आणि फोन तेवढा केला नव्हता.

"आबाजी," ती म्हणाली, "म्या नाई सांगत. तुमीच सांगा. किती वेळ पाह्यचं आन् कवा?"

अण्णाजींनी खूप विचार केला. सोडून द्या म्हटलं असतं तर ते भांडले असते. ठरवा म्हटल्यावर काय भांडणार? "दुपारी एक ते दोन," ते म्हणाले. "तवा बागेत जाताच येत नाई. अर्धा तास माहा, अर्धा तुहा."

आकांक्षानं टिंगटिंग वाजणाऱ्या सगळ्या सूचना बंद केल्या. आपोआप पुढचा व्हिडिओ लागायची सोयही काढून टाकली. अण्णाजींचा परवाचा आकडा त्यांना दाखवला. सात तास पन्नास मिनिटं. "यंत्र खोटं बोलते," ते म्हणाले, पण दोनदा डोळे बारीक करून पाहिलं. फोन रामबाईकडं गेला. कोणत्या डब्यात, ते या वेळी तिनं दोघांनाही सांगितलं नाही.

निसर्गाच्या सान्निध्यात मन रमतं असं जे लिहितात, त्यांनी एप्रिलात आष्टीकडं येऊन दाखवावं. ऊन सकाळी नऊलाच डोक्यात शिरे. आकांक्षाचं कपाळ ठणके, रिकामा अंगठा हवेत वर सरके, आणि ज्या पक्ष्यांचा किलबिलाट म्हणतात ते कावळे निघाले. पहिले चार दिवस ती आणि आजोबा एकमेकांवर विनाकारण खेकसत होते. कंटाळा इतका की तिसऱ्या दिवशी ती आपणहून वाल बदलायला गेली. अण्णाजींनी पहिल्यांदाच कुणाला त्याला हात लावू दिला, आणि तिनं तो उलटा फिरवला म्हणून तिथंच शिव्याही दिल्या. नंतर बरोबर कसा फिरवायचा तेही दाखवलं.

दोन वाजल्यानंतरची दुपार उरायचीच. मग अण्णाजी बोलू लागले. त्यांची जोडी एकदा पटातून उधळली ती थेट लग्नाच्या मांडवात शिरली, नवरदेव पळाला, आणि नवरीच्या मामानं बैलांना ओवाळलं. आकांक्षा विश्वास ठेवीना. रामबाईनं चुलीजवळून साक्ष दिली, "खरं आहे. थे नवरी माही मावससासू."

एका दिवशी फोन परत देताना अण्णाजी स्वतःच म्हणाले, "आज पन्नास मिनिट झाले बेटा. तू झोपली होती, म्या तुह्यातले वीस खाल्ले."

आकांक्षाच्या तोंडाशी भाषण आलं होतं. तिनं ते गिळलं. "उद्या मले जास्त देजा मंग." दुसऱ्या दिवशी त्यांनी बिनबोभाट दिले. त्या वाढीव वीस मिनिटांत तिनं पौर्णिमाला फोन लावला. पहिली दोन मिनिटं दोघींनाही काय बोलावं कळलं नाही. उरलेली अठरा पुरली नाहीत.

मेच्या मध्यावर गोपालराव आणि छाया न्यायला आले. वरच्या बागेतलं बरंचसं फळ गेलं होतं, राहिलेलं मात्र धरलं होतं. लेक उन्हानं काळवंडली होती आणि हातात फोन नव्हता. गोपालरावांनी लगेच खिशातून स्वतःचा काढला आणि तिचा बागेत उभा फोटो घेतला. "शेवटी निसर्गच कामी आला," असं ते टाईप करू लागले.

"बाबा, निसर्गानं काही नाई केलं," आकांक्षा म्हणाली. "आन् मी सुधरली बी नाई. दिवसाचा अर्धा तास होते. घरी गेल्यावर वाढन."

गोपालरावांचा अंगठा थांबला.

"मंग आमी काय करायचं?" छायानं विचारलं. तिनं खरंच विचारलं होतं.

"कवा पाह्यचं, किती पाह्यचं, ते मी ठरवीन. तुमी रोज विचारा, आज किती झालं. मी खरं सांगीन. खरं सांगितल्यावर ओरडायचं नाई. आन् भाषण नाई."

"भाषण कोण देते?" गोपालराव म्हणाले, आणि त्यावर दहा मिनिटं बोलले.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात आकडा पाच तासांवर गेला. आकांक्षानं सांगितला. गोपालरावांनी तोंड उघडलं, छायानं त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी ते मिटलं. हा त्या घरातला सगळ्यात मोठा चमत्कार. पण त्याचा फोटो कुणी काढला नाही. दुसऱ्या आठवड्यात आकांक्षानं दोन ॲप स्वतः काढून टाकली, तिसऱ्यात त्यातलं एक परत घेतलं. जेवताना आणि वाचताना फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर राहू लागला. गोपालरावांचाही. त्यांना हे आपणच सुचवल्याचं आठवत होतं. जूनच्या शेवटी आकडा अडीच तासांच्या आसपास रेंगाळू लागला.

जुलैत अकरावी सुरू झाली. तिसऱ्याच दिवशी आकांक्षा दुपारी कॉलेजातून आली, दप्तर टाकलं आणि फोन घेऊन बसली. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, आज चार तास झाले."

छाया मेथी निवडत होती. "काऊन वं?"

"नवीन वर्गात दिवसभर कोणी बोललंच नाई माह्यासंग."

छायानं मेथीचं ताट बाजूला सारलं आणि पाट पुढं ओढला. "बस," ती म्हणाली. "कोण कोण आहे वर्गात, सांग मले."