कशावरून-आत्या

तर ऐका. चिमणीची बेकरी म्हणजे काय, पुढे काउंटर, मागे एक खोली, खोलीत भट्टी आणि भट्टीपुढे घामाघूम झालेली चिमणी. बास. नाव लहानपणी पडलं ते चिकटलं. आता ती पिठाची गोणी एकटी उचलते, तरी चिमणीच!

आणि तिची आत्या म्हणजे अख्ख्या गल्लीची कशावरून-आत्या. टीव्हीवर म्हणाले उद्या पाऊस, की ही म्हणणार, "कशावरून?" आणि छत्री मुद्दाम घरी ठेवून चिंब भिजून परत येणार. डॉक्टर म्हणाले साखर वाढलीय. "कशावरून?" बातम्या बघायची, पण आवाज बंद करून. म्हणायची, "तो कोटवाला बडबडायला लागला की मला धड बघताच येत नाही." सगळे फिदीफिदी हसायचे. चिमणी तर सगळ्यात जास्त.

मग एके दिवशी, जिथे चिमणीचा पाव जायचा त्या शाळेतल्या पोरांना उलट्या सुरू झाल्या. दुपारी आरोग्य खात्याचं पत्रक निघालंसुद्धा, की आम्ही तपासणी केली, दोष बेकरीच्या पावाचा. संध्याकाळी चॅनेलवर चिमणीच्या दुकानाची पाटी! आणि पाटीनंतर लगेच अशी एक खोली, की बघूनच मळमळावं. काळ्याकुट्ट भिंती, खिडकीला तुटकी जाळी, जाळीवर माशा. मागे ढॅणढॅण संगीत.

"अहो, ही खोली माझी नाहीच!" चिमणी गल्लीभर सांगत सुटली. "आणि तपासायला कोण आलं होतं? कुत्रंसुद्धा फिरकलं नाही!"

गल्ली तशी चांगली हो. शिंपीकाका म्हणाले, "आमचा आहे ना विश्वास तुझ्यावर." औषधवाल्या काकू म्हणाल्या, "तुला काय आज ओळखतो का आम्ही?" आणि दुसऱ्या दिवशी दोघंही पलीकडच्या फुटपाथवरून गेले, मान खाली घालून. पाव तसेच पडून. खात्यात फोन लावला तर म्हणे चॅनेलला विचारा. चॅनेलला लावला तर म्हणे, आम्हाला खात्याने सांगितलं, खात्याला विचारा. चिमणीचा नुसता चेंडू झाला. शेवटी तिने ठरवलं, हे असंच चाललं तर या आठवड्यानंतर शटर उघडायचंच नाही.

तेवढ्यात आत्या आली.

"आत्या, तुझा तरी आहे ना विश्वास?"

"अजिबात नाही."

चिमणीच्या डोळ्यांत टचकन पाणी. "तू पण?"

"टीव्हीवर नाही ठेवला, खात्यावर नाही ठेवला, मग तू काय आभाळातून पडलीस? सरक बाजूला. बघू दे."

आणि पदर खोचून बाई आत घुसली! डबे उघडले, लोणी हुंगलं, भट्टीच्या मागे हात घातला, ट्रे उलटे करून बघितले. मग कोपऱ्यात थांबली.

"ही गोणी जमिनीवर का? खालून ओल लागलीय."

"आत्या, घाईत राहिली गं..."

"घाई गेली खड्ड्यात. हे तुझं चुकलं."

मग फोन काढला, ती बातमी लावली, आवाज अर्थातच बंद. एकदा फोनकडे, एकदा भिंतीकडे. "यात खिडकी आहे."

"तेच तर सांगतेय! माझ्या खोलीला खिडकीच नाही!"

"कशावरून? रातोरात बुजवली असशील."

आणि चारी भिंतींवर टकटक! नखाने रंग खरवडला. खाली जुना रंग, त्याच्या खाली त्याहून जुना रंग. चिमणी रडता रडता हसायलाच लागली.

आत्याने एक पाव उचलला, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि कचाकचा खाल्ला. "ऐका रे! एक गोणी ओली होती, ती माझ्या भाचीची चूक, ती आत्ता फेकतेय. बाकी खोली स्वच्छ आहे. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका! आत जा, खिडकी शोधा. सापडली तर मला दाखवा!"

गंमत बघा, काम केलं ते त्या ओल्या गोणीने. शिंपीकाका काकूंना म्हणाले, "स्वतःच्या भाचीची चूक भर रस्त्यात सांगतेय, म्हणजे बाकीचंही खरं असणार." आणि लोक आले की! हातात फोन, फोनमध्ये बातमी, आणि जो तो भिंती ठोकतोय. शिंपीकाकांनी तर टेप काढून भिंत मोजली. कशाला, ते त्यांनाही माहीत नाही.

आणि एकदा ठोकून बघायची सवय लागली की ती थांबते होय? शाळेतल्या पोरांच्या आया म्हणाल्या, मग शाळेतली पाण्याची टाकी कुणी बघितली? गेल्या, झाकण उघडलं. आत मेलेलं कबूतर! आणि टाकी साफ आहे का ते बघायचं काम कुणाचं? खात्याचं!

चॅनेलनेही चूक कबूल केली बरं का. वर क्रिकेटचा जल्लोष चाललेला, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ सुळ्ळकन पळाली. गल्लीत ती फक्त आत्याला दिसली. बाकीचे जल्लोष ऐकत होते ना!

त्या दिवशी चिमणी आत्याच्या गळ्यातच पडली. "तू नसतीस तर मी संपले होते गं."

"कशावरून? दुसरं कुणीतरी आलं असतं."

"कुणी आलं नव्हतं, आत्या. सगळ्यांचा विश्वास होता माझ्यावर, पण आत येऊन बघितलंस ते फक्त तू."

आत्याने नाक ओढलं, म्हणाली, "गोण्यांखाली फळ्या टाक आधी."

फळ्या टाकल्यात. आता मागच्या खोलीचं दार उघडंच असतं, कुणीही यावं, डोकवावं. आत्या रोज सकाळी येते, ती आधी वाकून फळ्यांखाली बघते. चिमणी भट्टीतला पहिला पाव तिच्यासाठीच काढून ठेवते, गरमागरम. आत्या तो मोडते, हुंगते, उजेडात धरून बघते. आणि इतके पाव विकून झालेत, तरी तिने पहिला घास घेईपर्यंत चिमणी हात पुसत तिथंच उभी असते.