उतारावरची राखण

पावाच्या डब्याचं झाकण खणकन वाजलं आणि दुपारच्या निवांत घरात संजना दचकली. हातातली केरसुणी टाकून ती आत धावली. स्वयंपाकघरात गौरवी उभी होती, सहा वर्षांची, एक उंडो, डब्यातला गोल पाव, फ्रॉकच्या खिशात कोंबत.

"भूक लागली गो बाय?"

लेकीने मान डोलावली, पण खिसा हाताने झाकूनच धरला. संजनाने तिला पोटाशी घेतलं, केसांवरून हात फिरवला आणि मागच्या दाराची कडी पुन्हा एकदा चाचपून पाहिली.

हल्ली संजना अशीच झाली होती. वाळक्या पातेऱ्यात काही सळसळलं तरी दचकायची. पार्से गावातला त्यांचा घरामागचा काजूचा उतार कंपनीने घेतला होता. वर सड्याच्या माळावर बंगले बांधायला कंपनीने रान कापलं, त्याची भरपाई म्हणून इथे नवं रान उभं करायचं होतं. काजू गेले, कुंपण गेलं. किंदळ, जांभूळ, माट्टीची रोपं लागली, तळं खणलं गेलं. संजनाचा नवरा सर्वेश तिथेच देखरेखीला लागला. तीन पावसांत रान माणसाच्या डोक्यावर गेलं. आधी डुकरं आली, मग भेकरं आणि एक दिवस सर्वेश हसत हसत सांगत आला, की बिबटो दिसला, साहेब म्हणतात रान जमलं.

त्या दिवसापासून संजना दाराच्या कड्या दहादा तपासायची. गौरवीला शाळेत नेणारा बालरथ, शाळेची बस, त्याच उताराच्या पायथ्याशी थांबायचा.

तिथे राखणदाराचा, वाटेची आणि रानाची राखण करणाऱ्या देवाचा, दगड होता. सासरे होते तोवर काजू संपले की वर्षातून एकदा तिथे राखण द्यायचे. कोंबड्याचं सुकं आणि रोट पानावर वाढायचं, हात जोडायचे आणि मागे वळून न बघता घरी यायचं. बायकांनी ते करायची रीत नव्हती. सासरे गेले आणि सर्वेश म्हणाला, जमीनच आपली राहिली नाही तर राखण कसली. संजनाने वाद घातला नाही. तो पेडण्याच्या बाजाराला गेला की ती गुपचूप पान वाढायची, वर्षातून एकदा नाही, दर रविवारी. माझ्या लेकराची वाट सांभाळ, एवढंच मागायची. गौरवी तिचा पदर धरून असायची. सोमवारी पान चाटूनपुसून स्वच्छ दिसायचं. राखणदाराने मानून घेतलं, असं संजनाला वाटायचं.

तिन्हीसांजेला सर्वेश आला तो चपला न काढताच आत आला. जनावरं टिपायला झाडाला बांधायचा कॅमेरा त्याने या खेपेला दगडापाशी लावला होता. मोबाईल त्याने तिच्यापुढे धरला. उजाडतानाचा फोटो, पानावर मान घालून बसलेलं ते ठिपक्यांचं जनावर.

"तुझा राखणदार शेपटीवाला निघाला गो," तो म्हणाला. पण हसला नाही.

मग त्याने बोटाने दुसरा फोटो सरकवला. तीच सकाळ. गणवेशातली गौरवी, पाठीला दप्तर, वाकून त्याच पानावर अर्धा उंडो ठेवतेय. तिच्या मागच्या गवतात सावली होती की आणखी काही, ते दोघांनाही ओळखू येईना. आणि फोटोच्या कोपऱ्यात, बालरथाच्या वाटेकडे डोळे लावून उभी असलेली संजना. तिची पाठ तेवढी दिसत होती.

संजनाने मोबाईल बाजूला सारला. सगळं तिने सांगून टाकलं, अडखळत. सर्वेश रागावला नाही, त्याचं तिला जास्तच भय वाटलं. राखण आजपासून बंद, उद्यापासून मीच हिला स्कूटरवर सोडतो, वनखात्याला कळवतो, असं तो हळू आवाजात बोलत राहिला.

संजनाने लेकीला जवळ ओढलं. खिशातला उंडो काढून घेतला. आता तिथे काही ठेवायचं नाही, कधीच नाही, असं तिने परत परत बजावलं.

"मी मागे नाय बघितलं," गौरवी म्हणाली. "तू सांगितलंस तसंच केलं."

संजनाने तिला इतकं घट्ट धरलं, की ती चुळबुळली. परसाकडे काळोख उतरत होता. गौरवीने बंद दाराकडे पाहिलं आणि आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, आता तिथे काय मिळालं नाय, तर तो मागायला आपल्या घरी येईल?"