एकशे चौदाचं भोक

टेबलावर सात हत्यारं होती. एक ड्रिल मशीन. पत्रा कापायची एक कात्री, एका पात्याला खाच पडलेली. एक ग्राइंडर. एक जिगसॉ, पण तिला ब्लेड नव्हतं. एक अर्धगोल कानस. आणि वाटीच्या आकाराची, कडेने दात असलेली दोन गोल कटरं: एक नवं, चकचकीत, मोठ्या दातांचं, दुसरं काळं पडलेलं, बारीक दातांचं. ड्रिलची बिटं वेगळ्या डबीत होती; समीक्षाने ती हत्यारांत धरली नाहीत.

हत्यारांच्या पलीकडे चहा होता. काचेचे दोन ग्लास आणि कागदाचा एक कप. ग्लास रुपचंदभाऊंचा आणि जितेंद्रचा. कागदी कप समीक्षाचा. दुकानात लागली त्या दिवशी चहावाल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी कप कागदीच आला होता आणि तेव्हापासून तोच येत होता.

जळगावात नेरी नाक्याजवळ रुपचंदभाऊंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मे महिना, पंखा गरम वारा फेकत होता. एमआयडीसीतल्या पंडितशेठच्या डाळ मिलमधून सकाळीच दोन कॅबिनेट आली होती, एक ऑफिसातलं, एक वजनकाट्यावरचं. जुळ्या भावांसारखी, एकाच दिवशी घेतलेली. दोघांचं दुखणंही एकच. दुपार झाली की तापून बंद पडायची. वरच्या पत्र्याला मोठं गोल भोक पाडून तिथे एक जादा पंखा बसवायचा, एवढंच काम.

पण रुपचंदभाऊ शिरपूरकडचे. त्यांना साधं काम साधेपणाने करवून घेण्यात गोडी वाटत नसे.

"दोन पेट्या, दोन माणसं," ते खुर्चीत रेलून म्हणाले. "कुस्तीच लावू ना! जून महिन्यापासून मला एकच माणूस परवडतो, हे तुम्हा दोघांना ठाऊक शे. मग आज ठरू दे. ज्याची पेटी चांगली, तो राहील. दुसऱ्याने घरी जाऊन आंब्याचं लोणचं घालावं."

शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या प्रेमराजने हत्यारं दिली होती. तोही स्टूल ओढून बसला. "कोणावर लावू भाऊ? पोरीवर की पोरावर?"

"पोरावर लाव," जितेंद्र म्हणाला. "पोरगी अजून स्क्रू मोजी राहिनी."

प्रेमराज खो खो हसला. समीक्षा खरंच स्क्रू मोजत होती. ती बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्स झालेली, विद्यापीठात दुसरी आलेली. वडील युवराज टपाल खात्यात होते. त्यांनी सांगितलं होतं की एक वर्ष स्वतः कमव, मग एमएस्सीला पाठवतो, तोवर धाकट्या भावाचं शिक्षण मार्गी लागू दे. वर्षाला चार महिने उरले होते. मध्येच घरी बसली तर मामाने आणलेलं भुसावळचं स्थळ पक्कं होईल, हेही तिला माहीत होतं.

"तुला कशाला गं नोकरीची काळजी?" जितेंद्र रोजच्यासारखाच म्हणाला. "तुमचं सरकार शे. तिकडे मार्क नसले तरी घेतात."

"माझे शहाऐंशी होते," समीक्षा म्हणाली. "तुझे किती?"

जितेंद्र बारावी नापास होता. रुपचंदभाऊंनी मांडीवर थाप मारली. "घे! पहिल्या झटक्यात चीत!"

मग भाऊ आणि प्रेमराज पान खायला नाक्यावर गेले आणि दुकानात दोघंच उरली. जितेंद्र हत्यारांपाशी गेला. ग्राइंडर उचलला, ठेवला. चकचकीत कटर उचललं, बोटाने दात चाचपले. हे कटर पाइपवाल्यांचं. जळगावात ठिबकचा आणि पाइपचा धंदा असा की प्रत्येक गल्लीत एकाकडे तरी ते असतंच, आणि प्लास्टिकमध्ये ते लोण्यासारखं शिरतं. पत्र्यावर लावलं तर दोन मिनिटांत दात झडतात.

त्याने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"समीक्षा. खरं सांग. कोणतं घेऊ?"

ती स्क्रू मोजत राहिली.

"माझ्या पुनमला सातवा महिना लागला," तो म्हणाला. "आता काम गेलं तर सासरा दारात उभा करणार नाही. मी चेष्टा करतो, ते मनावर घेऊ नको, ताई."

आठ महिन्यांत त्याने तिला पहिल्यांदा ताई म्हटलं होतं. समीक्षाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता. एखादा पदार्थ किती तापमानाला वितळतो, हे टिपून ठेवावं तसं तिने ते मनात टिपलं.

"काळं घे," ती म्हणाली. "ते लोखंडासाठीचं शे. एकशे चौदा मिलिमीटर. पंख्याला बरोबर बसेल."

"आणि स्पीड?"

"अगदी कमी. दातांना तेल लाव. पत्र्याखाली लाकडाची फळी धर, नाही तर कटर अडकून मनगट पिरगळेल."

एकूण एक गोष्ट खरी होती. त्याने हत्याराबद्दल विचारलं, तिने हत्याराबद्दल सांगितलं.

"बोर्ड काढत नाही मी," जितेंद्र फळी शोधता शोधता म्हणाला. "पेपर पसरतो आत. काय?"

हा प्रश्न होता की नाही, हे ठरवायला समीक्षाने थोडा वेळ घेतला. तो तिच्याकडे पाहत नव्हता. प्रश्न नव्हता, असं तिने ठरवलं.

स्वतःच्या कॅबिनेटमधला मदरबोर्ड तिने आधीच उतरवून पिशवीत घातला होता. काळं कटर एकच होतं, ते तिने देऊन टाकलं होतं. तिच्याकडे राहिली खाच पडलेली कात्री. ड्रिलने पत्र्याच्या मधोमध कात्रीचं टोक जाईल एवढं भोक पाडलं, मशीन जितेंद्रला दिलं, आणि ती आतून बाहेर गोल गोल कापत निघाली. खाच जिथे यायची तिथे पत्रा मुडपायचा. अंगठ्याला फोड आला, फुटला. मग कानस.

भाऊ आणि प्रेमराज परत आले तेव्हा जितेंद्रचं भोक पडून झालं होतं. तेलकट, काळी, अखंड कड. प्रेमराजने तिच्यावरून बोट फिरवलं. "वा रे! लेथवर काढल्यासारखं!"

जितेंद्रने आतला पेपर चारी कोपऱ्यांनी उचलला. लोखंडाचा बारीक चुरा त्याच्यावर चमकत होता. बराचसा पेपरात आला. काही घडीतून ओघळला. बोर्डावर राखाडी धूळ बसली.

"ब्लोअर दे गं," तो म्हणाला.

या दुकानात प्रत्येक रोगाला पहिलं औषध ब्लोअर. मिलमधून येणारं प्रत्येक यंत्र तुरीच्या पिवळ्या भुशाने भरलेलं असायचं, जिनिंगवाल्यांचं कापसाने. ब्लोअर मारला की सगळं दाराबाहेर उडायचं आणि निम्मी यंत्रं तेवढ्यानेच चालू व्हायची. जितेंद्रने हे काम हजार वेळा केलं होतं. भुसा हलका असतो, तो उडतो. लोखंड जड असतं. ते कडेला आपटतं, परततं आणि चिपच्या पायांमध्ये, बोर्डाच्या खाली, जिथे फट मिळेल तिथे जाऊन बसतं. चुरा अर्ध्या मिलिमीटरचा. चिपच्या दोन पायांमधलं अंतरही जवळपास तेवढंच. असा वारा मारला तर नक्की किती कण अडकतील, याचं समीक्षाला खरोखरच कुतूहल वाटलं.

टेबलाखाली, तिच्या हाताशी, ब्लोअरही होता आणि स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबकही.

तिने ब्लोअर दिला. वायर पुरत नव्हती, तर प्लगही तिनेच लावला.

भाऊंनी व्हर्निअर काढलं आणि दोन्ही भोकं मापली. जितेंद्रचं उभं एकशे चौदा, आडवं एकशे चौदा. समीक्षाचं उभं एकशे तेरा, आडवं एकशे सोळा.

"हे भोक शे का उंदराने कुरतडलेली भाकर?" भाऊ म्हणाले. "शहाऐंशी टक्के म्हणे! प्रेमराज, मार्क कोणी दिले असतील हिला?"

प्रेमराज हसला. जितेंद्रही हसला, सगळ्यांत मोठ्याने. "लोणच्याला कैऱ्या पाठवतो हं," तो म्हणाला. त्यात ताई नव्हतं.

समीक्षाने स्वतःचं कॅबिनेट चुंबकाने आतून तीनदा पुसलं, बोर्ड परत बसवला, आणि वीज देण्याआधी मल्टिमीटर लावला, बारा व्होल्टच्या पिनेपासून पत्र्यापर्यंत. चारशे बारा ओहम. आकडा असा शेकड्यांत हवा. शून्याजवळ आला की आत शॉर्ट. मग बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर पंडितशेठच्या मिलचं नाव आलं.

जितेंद्रने मीटर लावला नाही. थेट बटण दाबलं.

एक बारीक 'टक्' झालं. पंखा अर्धा फेरा फिरून थांबला. मग वास आला, जळक्या बेकेलाइटचा, जो एकदा घेतला की माणूस विसरत नाही.

"काय व्हयनं रे?" भाऊ उठले.

जितेंद्रने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दाबलं. भाऊंनी त्याचा हात झटकला, स्वतः बोर्ड उपसून काढला आणि उलटा धरला. पाठीवर लोखंडाची मिशी फुटल्यासारखा चुरा चिकटला होता.

"चुंबक आण," ते समीक्षाला म्हणाले. "बठ्ठं साफ कर, एक कण राहू देऊ नको. मग मोज. शॉर्ट निघून गेला असेल तर हा राहील, भोक ह्याचंच चांगलं शे. नाही गेला, म्हणजे चिपच जळली, तर," ते जितेंद्रकडे वळले, "हा बोर्ड तुझ्या हिशेबातून आणि तू आत्ताच घरी. बायकोला सांग, बाप होण्याआधी मला जरा अक्कल शिकव म्हणावं."

प्रेमराज या वेळी हसला नाही. तो आपली हत्यारं गोळा करायला लागला.

समीक्षाने चुंबक फिरवलं, ब्रश मारला, स्पिरिटने दोन्ही बाजू धुतल्या. भिंगातून पाहिलं, एकही कण राहिला नव्हता. जितेंद्र तिच्या इतक्या जवळ उभा होता की त्याचा श्वास तिच्या हातावर येत होता.

"नीट मोज, ताई," तो म्हणाला.

तिने नीट मोजलं. आधी मीटरची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवली: तारांचा स्वतःचा रोध ०.२ ओहम. मग लाल टोक बारा व्होल्टच्या पिनेला, काळं ग्राउंडच्या पिनेला. आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. ०.३. तारांचा वजा करून ०.१ ओहम.