शेवग्याचं कुंपण

आमच्या गावात, विलिस डोंगराच्या पायथ्याशी, माणसाचा मोठेपणा तो काय खात नाही यावरून ठरतो. तारमुजी गुरुजी शेवगा खात नाहीत. नुसता खात नाहीत असं नव्हे, त्याच्या सावलीतूनही जात नाहीत. सिलात, म्हणजे आमची हातापायांनी लढायची विद्या, अंगात मुरवण्यासाठी तरुणपणी त्यांनी नुसत्या भातापाण्यावर उपास काढले. नदीत गळ्यापर्यंत बसून मंत्र जपला. तेव्हा कुठं कोयत्याची धार अंगावरून घसरू लागली, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. पण कोयता चालवून बघायची छाती गावात कुणाला झाली नाही, हे मात्र पाहिलंय. विद्या देताना त्यांच्या गुरूनं एकच पथ्य घातलं होतं : शेवग्याचा पाला पोटात गेला की सगळं धुऊन निघेल.

माझं कॉफीचं दुकान त्यांच्या तालमीच्या अंगणासमोर आहे. कोण मनापासून घाम गाळतो आणि कोण माझ्या भज्यांकडं बघत लाथा मारतो, हे मला गुरुजींपेक्षा जास्त ठाऊक असतं.

आणि मला त्यांची बायको ठाऊक आहे. होस्निया मदुरा बेटावरची. तिच्याकडं कुंपणंच शेवग्याची. पोरं उठतात ती पाला ओरबाडायला, आणि जेवतात ती त्याच पाल्याचं पातळ कालवण, मक्याचा भात आणि सुकी मासळी. लग्न होऊन ती आमच्या गावात आली आणि तिचा शेवगा सुटला. माहेरी गेली तरी एकटीच जायची, आणि तिथंही शिवायची नाही. घरात वास आला तर नवऱ्याची विद्या जाईल, म्हणून.

"अगं, माझ्याकडं खा की चोरून," मी एकदा म्हटलं. "परसात झाड आहे. मी काय दवंडी पिटतेय?"

"वागिराताई, हाताला वास राहतो."

"लिंबानं धू."

"आणि मनाला?" ती हसली. पण डोळे परसाकडंच.

तिला एकच हवं होतं. एकदा तरी नवऱ्याला शेजारी घेऊन माहेरच्या अंगणात बसावं आणि ते कालवण खावं. यंदा धाकट्या बहिणीनं मुलाच्या लग्नाला बोलावलं. होस्नियानं माझ्यासमोरच विषय काढला.

"अहो, येता का यंदा?"

गुरुजी कॉफीतला गाळ चमच्यानं ढवळत बसले. "तिथं पाऊल ठेवायला जागा आहे का शेवग्याशिवाय?"

"नाही," ती म्हणाली. कप उचलून आत विसळायला गेली. माझे कप, माझं दुकान, आणि विसळतेय ती. म्हणजे काय ते मी ओळखलं.

तिसऱ्या प्रहरी गुरुजी पोरांना शिकवायला उभे राहिले. सुरिप हा त्यांचा पट्टशिष्य, अंगानं रेडा, डोक्यानं वासरू. त्यानं विचारलं, "गुरुजी, बळ नेमकं कुठं असतं? पोटात की श्वासात?"

गुरुजी वर्षानुवर्षं देत आलेलं उत्तर देऊ लागले. "जे हवंहवंसं वाटतं ते रोज समोर असावं आणि रोज त्याला नाही म्हणावं. त्या नाही म्हणण्यात..."

आणि थांबले. माझ्या दुकानाकडं बघितलं. होस्निया बाकावर बसून माझ्याशी मिरच्या निवडत होती. तोंड परसाकडं.

ते रस्ता ओलांडून आले. "वागिरा, त्या झाडाचा पाला शिजवून दे."

"कुणाला?"

"मला."

मी शिजवला. पोरं दाराशी गोळा झाली. होस्निया हातातली मिरची तशीच धरून उठली. गुरुजींनी वाडगा तोंडाला लावला आणि काढा प्यावा तसा रिकामा केला.

"गुरुजी," सुरिप रडवेला झाला, "आता कोयता लागेल की तुम्हाला!"

"मग जरा जपून चालव." त्यांनी मिशी पुसली. "लेको, मी शेवगा उभ्या जन्मात चाखला नव्हता. मला तो कधी हवासाच वाटला नाही. जे नकोच होतं ते सोडलं, त्यात कसलं आलंय बळ? बळ असेल तर ते हिच्याकडं."

पोरांनी होस्नियाकडं पाहिलं. मला वाटलं, आता ही विरघळणार. तर ती उसळली.

"कुणी सांगितलं होतं खायला? मी इतकी वर्षं मन मारलं ते कशासाठी? तुमच्या अंगाला कोयता लागू नये म्हणून! ते माझं होतं. मला न विचारता संपवून मोकळे झालात?"

गुरुजींना लढाईतले सगळे पवित्रे येतात. यावर एकही नव्हता. रिकामा वाडगा माझ्या हातात देत म्हणाले, "लग्नाला येतो ना तुझ्याबरोबर."

"या," ती म्हणाली. "रस्ता काय माझ्या बापाचा आहे?"

गेली दोघं. मदुराला जायला सुराबायाची बस पकडताना ती पुढं, ते टोपली सांभाळत मागं. इकडं तालमीत पोरांनी कुजबुज केली, दोघंतिघं दुसऱ्या गुरूकडं पळाली, सुरिप तेवढा एकटाच जमिनीवर लाथा आपटत राहिला.

परतल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडं आली. उन्हानं रापलेली, नव्या ओढणीत. मी भजी तळायची सोडून बसले.

"बोल! आले ना ते अंगणात?"

"आले. कुंपणाला टेकूनच बसले. बहिणीनं मोठं पातेलं चढवलं होतं. आई घालायची तसा कोवळा मकाही घातला होता. ते या खेपेला चवीनं खात होते, ताई. मागून मागून खाल्लं. म्हणाले, एवढ्या गोष्टीपासून मी तुला लांब ठेवलं?"

"आणि तू? तुला कसं लागलं?"

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी वाढत होते," ती म्हणाली.